मत नसलेला वाचक

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. नांदेडच्या दोन खोल्यांत कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली असत, डब्यांच्या तळाला पत्रकं असत, आणि माझी पहिलीची बेरीज-वजाबाकी पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर झाली. वडील पत्रकं लिहीत, छापून आणत, चौकात वाटत आणि उरलेली घरी आणत. उरत बरीच. मी वाचायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. त्यामुळे असेल, वाक्य उद्गारचिन्हानेच संपतं अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. अजूनही पूर्णविराम देताना मला थोडी माघार घेतल्यासारखं वाटतं.

मात्र पत्रकावर शेवटचा शब्द वडिलांचा नसे. तो उदगीरला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीचा. ती माझी आत्या. पण सगळं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने जन्मभर मराठी शिकवलं आणि शाळा सुटल्यावर पत्रकं लिहिली. दारूच्या दुकानाविरुद्ध, मुलींच्या वसतिगृहासाठी, रॉकेलच्या रांगेबद्दल. आमच्याकडे एक रीत होती. पत्रक छापायला देण्याआधी एकाने ते मोठ्याने वाचायचं आणि ज्याचं नाव खाली जाणार त्याने डोळे मिटून ऐकायचं. ऐकताना जिथे कपाळाला आठी पडेल ते वाक्य गेलं. "डोळा लबाड हाय," अक्का म्हणायची. "त्याला पायजे तेच दिसतं. कान तसा न्हाई."

पुढे साखरेच्या आजारात तिचे डोळेच गेले. नोकरी संपत आली होती, ती कशीबशी संपवली. आता अक्काचं लिहिणं थांबणार असं सगळ्यांनी धरलं. पण त्याच सुमारास तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या देगलूरच्या एका सरांनी मराठी वाचणारा एक प्रोग्रॅम केला होता. तुम्ही टाइप करा, तो बोलून दाखवतो. त्यासाठी सरांनी अख्खी बाराखडी स्वतःच्याच आवाजात, एकेक अक्षर करून भरली होती, तीही बहुतेक सर्दी झालेली असताना. तो आवाज कुणाला आवडण्यासारखा नव्हता. पण अक्काने कळफलक बोटांनी पाठ केला, आणि वर्षभरात ती पूर्वीसारखी लिहू लागली. टाइप करायची, सरांच्या चोंदलेल्या नाकातून ऐकायची, आठी पडली की खोडायची.

त्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही खुली, फुकट मिळणारी प्रणाली मी घातली होती. तेव्हा मी कॉलेजात होते आणि चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं आणि विकतच्या सॉफ्टवेअरचं गुलाम होणं या दोन्ही गोष्टींविरुद्ध माझी पत्रकं निघत होती. वडिलांची उरत तशीच माझीही उरत.

लातूरला रेल्वेने पाणी यायला लागलं त्या उन्हाळ्यात अक्काचा फोन आला. "मशीन गेलं गं. दिवे मोठे झाले, बारीक झाले, आन् फट् करून वास आला."

शेजाऱ्याकडच्या मुलाने डिस्क तेवढी काढून ठेवली होती. बाकी सगळं जळालं होतं. मी नांदेडहून नवं मशीन मांडीवर घेऊन लोह्यावरून जाणाऱ्या बसने उदगीरला गेले. वाटेत नदीनाल्यांच्या पुलांवरून बस जात होती आणि पुलांना काही काम उरलेलं नव्हतं. आयाबाया घागरी घेऊन चढत, पुढच्या थांब्याला उतरत. कंडक्टर घागरीचं तिकीट मागत नव्हता.

जुनी डिस्क नव्या मशीनला लावली तर काही उठेना. कॉम्प्युटरच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. प्रोग्रॅमना यंत्राला थेट हात लावता येत नाही. आवाज काढायचा, अक्षर दाखवायचं, फाइल ठेवायची, सगळं कर्नलमार्फत. अक्काला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तलाठी म्हन की."

"हो. तर तुझा तलाठी फार जुना आहे. त्याला हे नवं यंत्र ओळखूच येत नाही. नवा कर्नल घालावा लागेल."

"घाल. पन तलाठी बदलला म्हनून सातबाऱ्यावरलं नाव बदलत न्हाई, एवढं बगं."

मी हसले आणि नवी प्रणाली घातली. संध्याकाळपर्यंत सगळं झकास चालू झालं. सरांचा प्रोग्रॅम सुरुवातीला कुरकुरला. जुन्या डिस्कवरून त्याच्या ओळखीच्या काही फायली आणून शेजारी ठेवल्या तेव्हा तोही उठून बसला. पडद्यावर अक्षरं येत होती. अक्काने टाइप केलं. मग तिने मान कलती केली आणि वाट पाहिली. आणखी एक ओळ टाइप केली.

"बोलंना की," ती म्हणाली.

अक्षरं होती, आवाज नव्हता. गाणी वाजत होती, सरांचा प्रोग्रॅम मात्र मुका झाला होता.

एरवी मी म्हटलं असतं, पुढच्या महिन्यात बघू. पण वेळ नव्हता. नव्या जिल्ह्याची मागणी तेव्हा आमच्या भागात पुन्हा जोरात आली होती. जिल्हा झाला की कचेऱ्या येतील, कचेऱ्या आल्या की पाणी येईल, असं लोक धरून चालले होते. रविवारी मैदानावर सभा होती आणि कृती समितीला अक्काच्या नावाचं पत्रक हवं होतं. गावातल्या अर्ध्या लोकांना तिने मुळाक्षरं शिकवली होती; तिच्या नावाला वजन होतं. समितीचा सचिव, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत असलेला तिचाच जुना विद्यार्थी, दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. टोपी काढून त्याने अक्काच्या पायाला हात लावला आणि खिशातून कागद काढला.

"अक्का, तुमाला तरास कामून? मजकूर आमीच तयार केलाय. वाचून दाखवतो. हो म्हना, खाली नाव टाकतो."

त्याने वाचलं. चांगलं वाचलं, खणखणीत. "'जिल्हा आमच्या हक्काचा, नाही कुणाच्या बापाचा!'" मला तर आवडलंच.

अक्का म्हणाली, "ठिव तिथं. मी ऐकते आन् सांगते."

"आत्ता ऐकलं की!"

"तुझ्या तोंडून ऐकलं. तू वाचताना तुला काय पायजे ते मला ऐकू आलं. कागदावर काय हाय ते कुठं ऐकलं?"

"म्हंजी मी खोटं वाचलं?"

"खोटं न्हाई रे येड्या. तू शाळेत धडा वाचायचास तवा बी असंच. जिथं आवडंल तिथं वरडायचास, जिथं कंटाळा आला तिथं पळायचास. मला कागद पायजे, तू नगंस."

तो माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही वाचून दाखवा मग. घरच्याच हायत तुम्ही."

मी कागद हातात घेतला तशी अक्का म्हणाली, "ती तर बिलकूल नगं. हिला मत हाय. लई हाय."

मला राग आला. सचिव हसला आणि त्यामुळे आणखी आला. जाताना तो म्हणाला, "शनिवारी छापखान्यात द्यायचंय. तोवर मशीन बोललं तर बोललं. न्हाई तर हेच छापावं लागंल, अक्का. तुमचं नाव न्हाई म्हन्लं तर लोकं म्हन्तील अक्का जिल्ह्याच्या इरोधात हाय."

तो गेल्यावर मी म्हटलं, "तू सांग, मी लिहून घेते. काना-मात्रा न बदलता."

"बरं. लिही. 'नवा जिल्हा झाला तर आपल्याला आनंद आहे.'"

मी टाइप केलं आणि थांबले. "अक्का, 'आनंद आहे' फार मिळमिळीत वाटतं. 'झालाच पाहिजे' लिहू?"

"बगितलंस?" अक्का शांतपणे म्हणाली. "पहिल्याच ओळीला."

तेव्हा मला कळलं की डोळे गेल्यावर तिचं सगळ्यात मोठं नुकसान कोणतं. चालणं, चूल, रस्ता यांतून तिने वाट काढली होती. पण तिच्याभोवतीच्या प्रत्येक माणसाला, तिच्यावर जीव असलेल्यांना तर जास्तच, तिच्यापेक्षा तिची वाक्यं नीट कळत होती. तिला एक वाचणारा हवा होता ज्याला काही म्हणायचं नाही. तो तिला एकदाच भेटला होता, आणि मी घातलेल्या नव्या कर्नलमध्ये तो मुका झाला होता.

मी आधी सोपी वाट धरली. इंटरनेटवरून नव्या पद्धतीचा मराठी आवाज उतरवून घेतला. गोड, स्वच्छ बाईचा आवाज, बातम्या देणारीसारखा. अक्काने 'ता. लोहा' टाइप केलं. बाई म्हणाली, 'तारीख लोहा'. अक्काने मुद्दाम एक शब्द चुकवून लिहिला. बाई किंचित अडखळली आणि सगळं गुळगुळीत करून पुढे गेली. 'न्हाई' लिहिलं तर तिला ते पेलवेना.

"ही शिकलेली हाय," अक्का म्हणाली. "मी काय लिव्हलं त्यापेक्षा मला काय म्हनायचं आसंल ते वाचती. साकु. बंद कर तिला." 'साकु' म्हणजे पुरे. अक्काला वैताग आला की तिच्या तोंडून कानडी येतं.

मग मी देगलूरची बस धरली. सर आता निवृत्त होऊन तिथे राहत होते. आवाज तोच, सर्दीसुद्धा तीच. ती सर्दी नव्हतीच म्हणायची. त्यांनी चहा दिला, मुलांची चौकशी केली (मला मुलं नाहीत), तेलुगूत कुणालातरी दारातून हाकललं आणि मग ऐकलं.

"सर, प्रोग्रॅमचा मूळ कोड द्या. दुरुस्त करून घेते."

"कोड? तो त्या वेळच्या मशीनमध्ये होता. मशीन भंगारात गेली."

"तुम्ही कोड न देता प्रोग्रॅम वाटलात?" मी म्हणाले. "लोकांनी ज्याच्यावर विसंबून राहायचं ते त्यांना उघडून बघता येऊ नये? हा अन्याय आहे, सर. उद्या तुम्ही नसलात तर..."

"आत्ता आहे ना मी? की भाषण द्यायला आलीस? तुझे वडील पण असेच. माझ्या लग्नात पत्रकं वाटली होती त्यांनी."

"कशाविरुद्ध?"

"लग्नाच्या खर्चाविरुद्ध. ते जाऊ दे. हे बघ, मी प्रोग्रॅम लिहिला तेव्हा आवाजाला सिस्टिममध्ये एकच दार होतं. मी अक्षरं थेट त्या दारातून आत ढकलतो. नव्यात ते दार नसेल. मी काही चुकीचं केलेलं नाही. त्या वेळी तेच दार होतं."

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. परतीच्या बसमध्ये ते माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या मनात त्यांच्यावरचं एक पत्रक तयार होत होतं, पण त्या वाक्यापाशी ते अडत होतं. माणूस ज्या काळात उभा असतो त्या काळच्या दारानेच आत जातो. दार नंतर हलवलं, तर आधी आत गेलेल्याला चोर म्हणता येत नाही.

अक्काच्या ओसरीवर बसून, मोबाइलच्या जेमतेम रेंजवर, मी कर्नलबद्दल वाचत राहिले. कर्नल लिहिणारे लोक जगभर पसरलेले आहेत आणि एकमेकांशी भांडण्यात ते आमच्या समित्यांना हार जाणार नाहीत. पण त्यांचा एक नियम आहे, त्यावर तडजोड नाही. कालपर्यंत चाललेला प्रोग्रॅम नव्या कर्नलमुळे बंद पडला, तर चूक कर्नलची. तो प्रोग्रॅम जुनाट असो, वाकड्या पद्धतीने लिहिलेला असो, जगात एकच माणूस तो वापरत असो. "तुम्ही आता बदला" असं खाली बसलेल्या कर्नलने वरच्या प्रोग्रॅमला सांगायचं नाही. आतून पाहिजे तेवढी उलथापालथ करा, पण वरच्यांना दिलेला शब्द मोडू नका.

मी ज्या घरात वाढले तिथे जुनं मोडणं हे पुण्य होतं. अर्धी पत्रकं 'मोडून काढा' या दोन शब्दांवर उभी होती. आणि इथे माझ्याहून भांडखोर लोक, सगळं नवं बांधणारे, स्वतःवर अशी अट घालून बसले होते. मला ती अट भित्री वाटली नाही. उलट मोडणं सोपं आहे आणि हे अवघड, एवढं तरी मला त्या ओसरीवर कबूल करावं लागलं.

अक्काला मी नियम वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग बंद कामून पडलं? त्यांनी शब्द मोडला?"

"तेच तर शोधलं. नाही मोडला. जुनं दार कर्नलमध्ये अजून आहे. पण आपण जी प्रणाली घातली ती बांधून वाटणारे वेगळे. त्यांनी म्हटलं, हे दार आता कोण वापरतंय, आणि ते बंद ठेवूनच वाटलं."

"अस्सं. वरून सुटलंय, मधी आडलंय." ती हसली. "हे मला कॉम्प्युटर न शिकता बी सांगता आलं आसतं. टँकरचं तसंच चाललंय."

उपाय एकच होता. कर्नल स्वतः नव्याने बांधायचा आणि बांधताना ते दार उघडं ठेवायचं. कर्नल बांधायला मशीनला कित्येक तास जिवाच्या आकांताने चालावं लागतं, आणि उदगीरला वीज दुपारी जायची. शिवाय उष्मा. घरात कूलर होता, पण कूलरमध्ये पाणी ओतणं त्या उन्हाळ्यात पाप होतं. त्याच्यावर अक्काने धुतलेली भांडी पालथी घातली होती. मी मशीनचं झाकण काढलं, टेबलफॅन त्याच्याकडे वळवला आणि आम्ही दोघी घामाने भिजत बसलो. पहिल्यांदा ते अर्ध्यात तापून आपोआप बंद पडलं. दुसऱ्यांदा वीज गेली.

मग मी पत्रकवाल्याच्या पोरीने करावं तेच केलं. पत्रक एका पानात बसवायचं असतं. मजकूर वाढला की वडील लाल पेन घेऊन बसत आणि जे गेल्याने अडत नाही ते सगळं कापत. त्यात त्यांचा हात इतका बसला होता की छापखानेवाला म्हणे, "तुमचे वडील स्वतःचं नावसुद्धा अर्धं करतील." कर्नल बांधताना शेकडो पर्याय विचारले जातात, हे हवं का, ते हवं का. मी लाल पेन घेतल्यासारखी बसले. आपल्याकडे हे यंत्र नाही, काप. हे कशाला, काप. जुन्या दारापाशी पोचले, ते ठेवलं. त्याच्या खाली जोडीला आणखी एक पर्याय होता. दार ठेवलं, आता ही चौकट कशाला, म्हणून तो कापला. कर्नल आटोपशीर झाला. वीज यायच्या आणि जायच्या मधल्या वेळात बसला.

शुक्रवारी सकाळी अक्काने 'बंधू-भगिनींनो' टाइप केलं. मशीन बोललं.

म्हणजे चिरकलं. एखादा उंदीर शेपटी दारात सापडल्यावर बोलेल तसा आवाज. सरांची अख्खी बाराखडी एका किंचाळीत निघून गेली.

अक्का पदर तोंडावर धरून हसत सुटली. "अगं, सरास्नी मिरच्या झोंबल्या!" मग पुन्हा टाइप केलं, पुन्हा हसली. तिसऱ्यांदा ती हसली नाही. "हे मला समजंना गं," ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "उद्या शनिवार."

मी कापलेला तो जोडीचा पर्याय काय होता ते आता नीट वाचलं. सरांनी आवाज भरला होता जुन्या, सावकाश मापाने. नवी यंत्रं कितीतरी भरभर मोजतात. दोन मापांचा मेळ घालणारं काम त्या पर्यायात होतं, आणि मी ते फापटपसारा म्हणून काढलं होतं. दार उघडं होतं, पण पलीकडे उंबरा नव्हता. सर धावत येऊन आत पडत होते.

मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "तुझ्या बापानं बी एकदा असंच कापलं होतं. 'सभा सायंकाळी' मधलं 'सायंकाळी'. लोकं सकाळी येऊन बसले."

या खेपेला मी काही कापलं नाही. जे कळत नव्हतं ते होतं तसं राहू दिलं. कर्नल जाडजूड झाला. वीज गेली तेव्हा शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने, अक्काच्या नावावर, त्याच्या जनरेटरवरून वायर ओढून दिली. "अक्का लिव्हनार आसल तर दळन थांबंल घटकाभर," तो म्हणाला. गिरणीसमोरच्या बायकांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

दुपार कलली तेव्हा मशीन पुन्हा उठलं. अक्काने एकच अक्षर दाबलं. क. आणि सरांच्या बंद नाकातून, सावकाश, जसं पाहिजे तसं, आलं: क.

तिने खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदा समितीचा कागद माझ्याकडून जसाच्या तसा टाइप करून घेतला, आणि ऐकला. सरांच्या आवाजात 'नाही कुणाच्या बापाचा' हे वाक्य असं आलं, जसं कुणी औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचतंय. सगळा जोर गळून पडला आणि खाली फारसं काही उरलं नाही. अक्काच्या कपाळावर आठी पडली आणि ती गेलीच नाही. "यात कुनी काय करायचं ते न्हाई," ती म्हणाली. मग तिने ते पुसलं आणि स्वतःचं लिहायला बसली.

लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन जिल्हा झालं तेव्हा अक्का तरुण होती. तिनेही पेढे वाटले होते. मग एक आई मुलीच्या वसतिगृहासाठी दाखला घेऊन शाळेत आली. दाखल्यावर शिक्का जुन्या जिल्ह्याचा. इकडे म्हणाले, हा शिक्का चालत नाही. तिकडे म्हणाले, तुमचं गाव आता आमच्यात नाही. दोघांपैकी खोटं कुणीच बोललं नव्हतं. मुलीचं वर्ष मात्र गेलं, आणि गेलं ते गेलंच. पुढच्या वर्षी तिचं लग्न होतं. ही हकीकत अक्काने मला लिहिता लिहिता सांगितली. पत्रकात ती आली नाही. पत्रकात एवढंच आलं:

'नवा जिल्हा झाला तर आपल्याला आनंद आहे. पण जिल्हा होईल त्या दिवशी ज्याच्या हातात जो कागद असेल, तो दुसऱ्या दिवशीही चालला पाहिजे. ज्या गावाला आज जिथून पाणी मिळतं, ते रेघ बदलली म्हणून थांबता कामा नये. काही थांबलं, तर चूक रेघ ओढणाऱ्याची धरावी. गावाची धरू नये. हे आधी लिहून घ्यावं आणि मग गुलाल उधळावा.'

मी म्हटलं, "अक्का, हे धड बाजूचंही नाही आणि विरोधातलंही नाही."

"व्हय."

"कुणीतरी म्हणेल तू घाबरलीस."

"म्हनू दे. तू म्हनतीस का?"

मला ते मिळमिळीत वाटत होतं, आणि त्याच वेळी त्यातलं एकही वाक्य मला मोडता येत नव्हतं. मी पुष्कळ पत्रकं लिहिली आहेत, आणि ती सगळी कुणीही मोडू शकेल अशी होती.

शनिवारी सचिव आला. अक्काने त्याला माझ्याकडून वाचून घेऊ दिलं नाही, मशीनवर ऐकवलं. त्याने डोकं खाजवलं. "अक्का, हे लई ग्वाड झालं. यानं मानसं पेटत न्हाईत."

"पेटलेलं इझवायला पानी लागतं रे. औंदा हाय का तुझ्याकडं?"

तो हसला खरा, पण समितीने ते छापलं नाही. त्यांनी आपलंच छापलं, अक्काच्या नावाशिवाय. तेवढा मान त्याने राखला, हे सांगायला हवं. अक्काचं पत्रक तिच्या जुन्या छापखानेवाल्याने छापलं, आणि खाली फक्त तिचं नाव होतं. छापून आलेल्या कागदावरून तिने बोट फिरवलं, जसं काही हाताला लागणार होतं. "आता माजं हाय," ती म्हणाली.

रविवारी सभेच्या आधी मी ते वाटायला निघाले. मैदानावर कुणी घेईना. तिथे झेंडे आणि हलगी होती. म्हणून टँकरच्या रांगेत गेले. रांग घागरींची होती, बाया सावलीत बसल्या होत्या. एका म्हातारीने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "कुनाकडचं हाय हे?"

"वाचून बघा, मावशी."

"वाचता आलं आसतं तर तुला इचारलं आसतं का? तूच वाच. समद्यास्नी ऐकू जाऊ दे."

मी वाचायला उभी राहिले. पहिल्याच ओळीला माझा आवाज वर जाऊ लागला. तो मी खाली आणला. 'गावाची धरू नये' इथे मूठ वळावी असं फार वाटलं. हात बाजूला ठेवले. जसं होतं तसं, अक्षराला अक्षर लावून, मी ते शेवटपर्यंत वाचलं. इतकं अवघड वाचन मी त्याआधी केलं नव्हतं. बाया ऐकत होत्या. कुणी टाळी वाजवली नाही.

म्हातारी म्हणाली, "कागदाचं बराबर हाय. माज्या सुनंचं रेशन आसंच आडकलंय, म्हायेरच्या तालुक्याचं नाव हाय म्हनून. पन पोरी, आज ज्या गावाला कुठूनच पानी न्हाई, त्यानं काय करायचं? ते न्हाई लिव्हलं हिनं."

मला उत्तर सुचलं होतं. एक सोडून चार सुचली होती, सगळी उद्गारचिन्हाची. मी म्हणाले, "सांगते तिला."

घरी येऊन मी अक्काला म्हातारीचा प्रश्न तिच्याच शब्दांत सांगितला. अक्काने हाताने चाचपत खुर्ची ओढली आणि कळफलक जवळ घेतला.

"बराबर इचारलं तिनं," ती म्हणाली. "मशीन चालू कर. आन् तू बाहीर बस."